जाळीला भोकं असावीत

गेल्या महिन्यात ठाण्यातल्या आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर एक पोल झाला. टीममधल्या एका सीनियरने सेकंडहँड मिड-इंजिन स्पोर्ट्स कार घेतली आहे. परदेशातून परत येताना स्टॉक विकले आणि लहानपणी भिंतीवर लावलेलं पोस्टर अखेर पार्किंगमध्ये आणलं. गाडी झकास आहे, फक्त मागची जाळी, म्हणजे दोन टेललाइट्सच्या मधलं काळं पॅनल, तडकलेली होती. नवीन कुठली लावावी? त्याने तीन फोटो टाकले. एक, मधमाशीच्या पोळ्यासारखी षटकोनी जाळी. दोन, आडव्या पट्ट्या. तीन, कार्बन फायबरसारखं दिसणारं चकचकीत प्लॅस्टिक, ज्यावर जाळीचं डिझाइन नुसतं उठावात कोरलेलं. आरपार काही नाही. बोटाने ढकललं तर बोट थांबतं.

एकतीस मतं पडली. तिसऱ्याला एकोणीस.

मी विचारलं, "तिसऱ्यातून हवा कशी जाणार?" उत्तरादाखल चार हसणारे इमोजी आले आणि एकाने लिहिलं, "भाई, दिसतं कसं ते सांग. कोड रिव्ह्यू नकोय."

हे लिहिणारा आणि मी एकाच वर्षी मेकॅनिकलमधून पास झालो. आमच्या टीममध्ये आम्ही नऊ जण मेकॅनिकलचे आहोत. ठाणे-डोंबिवलीच्या कुठल्याही आयटी ऑफिसात हे चित्र नवं नाही. चार वर्षं थर्मोडायनॅमिक्स, हीट ट्रान्सफर, फ्लुइड मेकॅनिक्सचे पेपर दिले, केटी लागल्या त्या सोडवल्या, मग कॅम्पसमधून सॉफ्टवेअरला गेलो. नोकरी बदलली याबद्दल माझी काही तक्रार नाही, मीही त्यातलाच. माझी तक्रार आहे त्या एकोणीस मतांबद्दल. त्यातली निदान पाच आमच्या नऊ जणांमधली होती, आणि या पाचही जणांनी कधीतरी परीक्षेत लिहून मार्क घेतलेत की उष्णतेला बाहेर पडायला वाट लागते.

तर आधी ती वाट.

मिड-इंजिन म्हणजे इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे आणि मागच्या चाकांच्या ॲक्सलच्या पुढे. वजन गाडीच्या मध्याजवळ येतं, म्हणून वळणावर गाडी चपळ वागते. याची किंमत मोजावी लागते ती उष्णतेत. पेट्रोल इंजिन जळणाऱ्या इंधनातली ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा चाकांकडे पाठवतं, बाकीची उष्णता होऊन कूलंटमधून आणि एक्झॉस्टमधून बाहेर पडते. साध्या गाडीत इंजिन पुढे असतं, वारा समोरून येऊन त्याच्या अंगावर आदळतो. मिड-इंजिनमध्ये ते एका बंद खोलीत असतं. पुढे केबिनची भिंत, वर काच किंवा झाकण, मागे पॅनल. रेडिएटर पुढे किंवा बाजूला बसवता येतो, पण एक्झॉस्ट, टर्बो असेल तर टर्बो, आणि खुद्द इंजिनचं तापलेलं धूड त्या खोलीतच राहतं. शेकडो अंशांवर तापलेल्या पाइपाशेजारी वायरींची वेटोळी, रबरी नळ्या आणि इंधनाची लाइन असते.

म्हणून मागची जाळी. गाडी वेगात असताना तिच्या पाठीमागे कमी दाबाचा पट्टा तयार होतो. तो इंजिनच्या खोलीतली गरम हवा बाहेर खेचतो, पण भोक असेल तरच. इतकं साधं आहे हे.

ज्यांची पोस्टर्स आपण लावली त्या गाड्यांनी हे कधी लपवलं नाही. लॅम्बोर्गिनी मिउरा १९६६ साली आली. मार्चेलो गांदिनीने बर्टोनेत तिची बॉडी काढली, तेव्हा तो सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा होता, म्हणजे माझ्याच वयाचा. त्याने मागच्या काचेच्या जागी काळ्या आडव्या पट्ट्या बसवल्या. खाली व्ही-१२ इंजिन तापत होतं आणि ड्रायव्हरला मागचं थोडंफार दिसायलाही हवं होतं, दोन्ही कामं त्या पट्ट्यांनी केली. पुढची पन्नास वर्षं जगभर त्या पट्ट्यांची नक्कल झाली. १९८७च्या फेरारी एफ-४०चं मागचं झाकण पारदर्शक प्लॅस्टिकचं होतं आणि त्यात चक्क चिरा पाडल्या होत्या. २०१७च्या फोर्ड जीटीने तर टेललाइट्सच पोकळ केले, गरम हवा लाल दिव्यांच्या कड्यांच्या मधून बाहेर पडते. या गाड्या देखण्या आहेत याचं कारण त्या भोकांना कामं होती आणि कुणीतरी ती कामं नीट करायची ठरवली.

आणि दुसरी बाजू. २०१७ची होंडा सिव्हिक टाइप आर चालवायला अफलातून गाडी आहे. तिच्या बंपरवर जाळीसारखी दिसणारी बंद प्लॅस्टिकची मैदानं आहेत आणि त्यावरून जगभरातल्या गाडीवेड्यांनी तिची यथेच्छ टिंगल केली. २०१९च्या टोयोटा सुप्राच्या अंगावरही बुजवलेली तोंडं होती. टोयोटाचं म्हणणं, रेसिंगसाठी ती उघडता येतील. म्हणजे दाराचं चित्र काढायचं आणि गरज पडली तर करवत घ्या म्हणून सांगायचं. आता ही साथ खाली आली आहे. आपल्या रस्त्यावरच्या दहा-बारा लाखांच्या एसयूव्हींना बोनेटवर, बाजूला, मागे, जिथे रिकामा पत्रा दिसेल तिथे खोटी जाळी चिकटवलेली असते. एखाद्या संध्याकाळी घोडबंदर रोडला सिग्नलवर मोजून बघा.

"पण आपल्याकडे कुठे आहेत मिड-इंजिन गाड्या?" असं विचाराल, तर आहेत. २०१२च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत डीसी अवंतीवरचा पडदा उघडला. दिलीप छाब्रियांची कंपनी, डिझाइन महाराष्ट्रातलं, गाडी पुणे परिसरात बांधलेली. पाठीमागे रेनोचं दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, सुमारे २५० हॉर्सपॉवर. विक्रीला आली तेव्हा किंमत पस्तीस लाखांच्या आसपास. मी तेव्हा शाळेत होतो आणि ती बातमी कापून वहीत चिकटवली होती. आज त्या गाडीबद्दल मराठी-हिंदी-इंग्रजीत जे काही सापडतं ते वाचा. नव्वद टक्के चर्चा एकाच प्रश्नाची आहे: ती लॅम्बोर्गिनीसारखी दिसते की नाही. कौतुक करणारा म्हणतो दिसते, टर उडवणारा म्हणतो दिसत नाही. मे महिन्यात टर्बो इंजिन बंद खोलीत बसवलेली, आपल्या मातीतली पहिली अशी गाडी, तर तिची हवा कुठून आत येते आणि कुठून बाहेर जाते, हा पहिला प्रश्न हवा होता. तो विचारण्याइतकंही गांभीर्याने आपण तिला घेतलं नाही. वाईट गाडी म्हणून टीका झाली असती तरी तो सन्मान ठरला असता. आपण तिला वरात समजलो.

त्याहून जवळचं उदाहरण म्हणजे नॅनो. हसू नका. ६२४ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन मागच्या सीटच्या खाली-मागे, मागच्या चाकांपुढे बाजूला हवेची छोटी तोंडं, मागच्या बंपरला जाळी. रचना म्हणून ती गाडी मिउराची गरीब चुलतबहीण आहे, आणि तिच्या अंगावरची भोकं कामाची होती. मार्च २०१० मध्ये शोरूममधून नुकतीच बाहेर काढलेली एक नॅनो मुलुंडला पेटली, ठाण्याच्या वेशीवर. आणखीही काही घटना झाल्या. त्याच वर्षाच्या शेवटी टाटा मोटर्सने आधी विकलेल्या गाड्यांच्या एक्झॉस्ट आणि इलेक्ट्रिकल भागात जादा संरक्षण फुकट बसवून देण्याचं जाहीर केलं. गाडीची मूळ रचना सुरक्षित असल्याचं कंपनी सांगत राहिली. मला त्या वादात पडायचं नाही. मला एवढंच आठवतं की आमच्या सोसायटीत नॅनोवरचे विनोद वर्षभर चालले आणि त्यातला एकही विनोद उष्णतेबद्दल नव्हता, सगळे किमतीबद्दल होते.

आता परत आपल्या पोलकडे. पोळ्याची जाळी आणि आडव्या पट्ट्या यांत निवड करायची तर ती आपल्या रस्त्यावर करायला हवी. मिउराच्या देशात गाडी ताशी दीडशेने जाते, मागचा कमी दाबाचा पट्टा हवा ओढतो. आमचा सीनियर राहतो डोंबिवलीत, येतो ठाण्याला. संध्याकाळी सात वाजता कल्याण-शीळ रस्त्यावर त्याच्या गाडीचा वेग बैलगाडीचा असतो. शिळफाट्याला तर तेवढाही नसतो. उभ्या गाडीच्या मागे कसला आलाय कमी दाबाचा पट्टा? तिथे फक्त दोन गोष्टी काम करतात: पंखा, आणि गरम हवा वर जाते हा निसर्गनियम. म्हणजे मागची उभी जाळी इथे दुय्यम झाली आणि इंजिनच्या वरच्या झाकणातल्या पट्ट्या महत्त्वाच्या झाल्या. घरी पोचून गाडी बंद केल्यावर तर आणखीच. कूलंट फिरायचं थांबतं, तापलेलं लोखंड मात्र तापलेलंच असतं, आणि पुढची पाच-दहा मिनिटं त्या खोलीतला पारा उतरायच्या ऐवजी चढतो. तेव्हा हवेने सरळ वर निघून जायला हवं. वर भोकं ठेवली की पाऊस आत येतो, आणि आपला पाऊस म्हणजे २६ जुलै बघितलेला पाऊस. त्याने इंजिनच्या लोखंडाचं काही बिघडत नाही. बिघडतं कनेक्टर्सचं. त्यांच्यावर छोटं छप्पर करायचं, खाली पन्हळ द्यायची, पाणी बाहेर काढायचं. हा सगळा विचार एका पट्टीच्या कोनात बसवायचा असतो, आणि म्हणून मला पट्टी सुंदर वाटते.

मी सीनियरला घेऊन डोंबिवली एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्या काकांकडे गेलो. काका दहावी शिकलेले आहेत. त्यांना फोटो दाखवला, जाळी बनवायची आहे म्हटलं. त्यांचा पहिला प्रश्न: "भोक किती एमएमचं आणि पिच किती?"

एकतीस जणांच्या ग्रुपमध्ये कुणाला न सुचलेला प्रश्न.

भोक आणि पिच, म्हणजे दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर, यावरून जाळी किती उघडी आहे ते ठरतं. बाजारात सर्रास मिळणारी गोल भोकांची परफोरेटेड शीट घ्या: ५ मिमीचं भोक, ८ मिमी पिच, आळीपाळीने मांडलेली. गणित केलं तर फक्त ३५ टक्के जागा उघडी. लांबून मस्त जाळी दिसते, पण दोन तृतीयांश पत्राच आहे. आता ८ मिमीचा षटकोन आणि मध्ये १ मिमीची भिंत घ्या. आठ भागिले नऊ, त्याचा वर्ग: ७९ टक्के उघडी. मधमाश्या मेण वाचवण्यासाठी षटकोन बांधतात, आपण हवेसाठी बांधायचा. आठ मिमीतून घुशी आणि मोठे उंदीर आत जात नाहीत, आणि आपल्याकडे रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या वायरिंगचा सगळ्यात मोठा शत्रू तोच आहे. कार्बन फायबरसारखं दिसणारं ते एबीएस प्लॅस्टिक शंभर अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, एक्झॉस्टच्या डोक्यावर त्याला बसवणं म्हणजे चुलीवर मेणाची बाहुली ठेवणं. काकांनी साधा जीआय पत्राही नको म्हटलं. "इथली हवा माहिती आहे ना?" २०१४च्या जानेवारीत डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला, २०२०मध्ये इथलाच रस्ता गुलाबी झाला. या हवेत स्टेनलेस किंवा ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमच टिकणार.

एवढं बोलणं पंधरा मिनिटांत झालं. आमच्या ग्रुपवर दोन दिवस चर्चा चालली होती.

काकांच्या शेडबाहेर रिक्षा स्टँड आहे. मे महिना होता आणि ओळीने उभ्या असलेल्या रिक्षांपैकी दोघांनी इंजिनचं मागचं झाकण फडकं कोंबून चार बोटं उघडं ठेवलं होतं. बजाजने मागे इंजिन असलेली रिक्षा १९७७ साली आणली. तेव्हापासून तिच्या पाठीवर पत्र्यात पाडलेल्या फटी आहेत. त्यांचा कुणी पोल घेतला नाही, त्यांची कुणी नक्कल केली नाही, त्यांच्याखाली कुणीतरी "आई-वडिलांचा आशीर्वाद" लिहिलं, बस. आणि फटी कमी पडतात असं वाटलं की रिक्षावाला फडकं कोंबतो. इटलीत कार्लो अबार्थच्या फियाट ६००वर बेतलेल्या रेसिंग गाड्या इंजिनचं झाकण उघडं ठेवूनच पळायच्या, त्यांचे फोटो आज संग्रहालयांत आहेत. आमच्या स्टँडवरच्या काकांनी अबार्थचं नावही ऐकलेलं नाही. दोघांना एकच गोष्ट कळली होती. आमच्या ग्रुपमधल्या एकोणिसांना ती कळत होती आणि त्यांनी ती बाजूला ठेवली, आणि मला राग येतो तो याचा. माहीत नसणं वेगळं आणि माहीत असून "दिसतं कसं ते सांग" म्हणणं वेगळं.

आता तो आक्षेप, जो तुमच्या मनात पहिल्या परिच्छेदापासून आहे: श्रीमंताच्या खेळण्याच्या जाळीवर एवढं कशाला? डोंबिवलीकराला लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नाही.

बरोबर. म्हणून लोकलचंच घेऊ.

९ जून २०२५च्या सकाळी दिवा आणि मुंब्र्याच्या दरम्यान वळणावर, विरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेली माणसं खाली पडली. किमान चार जण गेले. मी त्याच मार्गाने रोज जातो. त्यानंतर रेल्वेने सांगितलं की नव्या बिगर-एसी लोकलनाही आपोआप बंद होणारे दरवाजे असतील. आत जीव गुदमरू नये म्हणून तीन गोष्टी करणार: दरवाज्यांना लुव्हर, टपावर ताजी हवा आत ढकलणारी यंत्रणा, आणि डब्यातून डब्यात जायला वाट. लुव्हर म्हणजे त्याच आडव्या पट्ट्या. मिउराच्या.

गणित करू. माणूस नुसता उभा असला तरी साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. बारा डब्यांच्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळी पाच हजारांच्या आसपास माणसं धरली तर डब्याला चारशे. म्हणजे ४० किलोवॅट. हायवेवर धावणाऱ्या गाडीच्या इंजिनाला जेवढी उष्णता टाकून द्यावी लागते त्याच पंक्तीतला आकडा आहे हा. डबा म्हणजे इंजिनची बंद खोली आणि आपण त्यातलं इंजिन. ही सगळी उष्णता हवेनेच वाहून न्यायची आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा पाच अंशांहून जास्त तापू द्यायची नाही असं ठरवलं, तर एका डब्यातून सेकंदाला सुमारे ७ घनमीटर हवा गेली पाहिजे. आज ती उघड्या दारांतून जाते. उद्या ती पट्ट्यांमधून आणि टपावरच्या पंख्यांमधून जायची आहे. दिव्याच्या अलीकडे सिग्नल लागून लोकल वीस मिनिटं उभी राहते तेव्हा गाडीला वेग नसतो, म्हणजे पट्ट्यांतून आपसूक येणारा वारा नसतो. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या त्या स्पोर्ट्स कारची जी अडचण, तीच. तेव्हा सगळा भार पंख्यांवर. त्यांची वीज गेली तर? पट्ट्यांचा कोन पाऊस अडवण्यासाठी किती झुकवणार आणि त्यात उघडी जागा किती टक्के उरणार?

मुंब्र्यानंतर आठवडाभर आमच्या त्याच ग्रुपवर चर्चा होती. बंद दाराच्या लोकलचं कुणीतरी एआयने काढलेलं चित्र आलं, चकचकीत, मेट्रोसारखं. सगळ्यांनी अंगठे दाखवले. नऊ मेकॅनिकलवाल्यांपैकी एकानेही टक्केवारी विचारली नाही. मीही नाही. मला ते गणित सुचलं स्पोर्ट्स कारच्या जाळीमुळे, वर्षभराने, आणि हे कबूल करायला मला अजिबात बरं वाटत नाही. चार माणसं मेल्यावर जो प्रश्न सुचायला हवा तो मला एका सीनियरच्या हौसेपायी सुचला. पण निदान सुचला. जाळीबद्दल जो "दिसतं कसं" म्हणतो तो दाराबद्दलही तेच म्हणतो, सवय एकच असते. टेंडरमध्ये कुठेतरी उघड्या जागेचा एक आकडा लिहावा लागेल आणि तो कुणीतरी इंजिनिअर लिहील, आपल्यातलाच, आपल्याच सारखी केटी सोडवून आलेला. त्याला तो आकडा सगळ्यांसमोर विचारायला हवा, दरवाजे बसायच्या आधी.

सीनियरची जाळी झाली. ॲल्युमिनियम, ८ मिमीचे षटकोन, काळं ॲनोडाइझिंग. १२०० बाय १५० मिमीचं पॅनल, माझ्या हिशेबाने ७९ टक्के उघडं. कटिंगला देण्याआधी काकांनी ड्रॉइंगवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "नंबर प्लेट कुठे लावणार?"

मधोमध, जिथे आधी होती तिथेच. ५०० बाय १२० ची प्लेट. ६०,००० चौरस मिमी, पॅनल १,८०,००० चं. एक तृतीयांश भाग बुजला, ७९ चे ५३ झाले. हीट ट्रान्सफरमध्ये मला ७४ मार्क होते.

"बंपरवर खाली घ्या," काका म्हणाले. "दिव्याची वायर तेवढी वाढवावी लागेल."